मल्चिंग पेपर आणि चार फेऱ्या

तिसऱ्या फेरीला शकिला पडली. सकाळचे आठ वाजून दहा मिनिटं. दौंडचं मैदान. आधी तिचे पाय वाकडे पडायला लागले, मग ती ट्रॅक सोडून आत वळली आणि तोंडावर आपटली. मी वीस पावलं मागं होते. पोचले तेव्हा तिचं अंग तव्यासारखं तापलं होतं आणि ती सासूशी बोलत होती. सासू मरून नऊ वर्षं झाली होती.

आमच्याच सेक्शनची मंदा आधीच्या बॅचला पळून पास झाली होती. ती वॉकीटॉकी घेऊन वळणावर ड्युटीला उभी होती.

"कंट्रोल, वळण तीन. एक मेंबर डाऊन. ओव्हर."

"श्वास चालू आहे का? ओव्हर."

"चालू हाय. बडबडतीय. ओव्हर."

"ॲम्ब्युलन्स निघाली. गार करा तिला. ओव्हर."

बाकीच्या बायका आमच्याकडं पाठ करून कडं धरून उभ्या राहिल्या. मी शकिलाच्या शर्टाची बटणं तोडली. आत छातीपासून कमरेखालपर्यंत काळा प्लास्टिकचा कागद गुंडाळलेला होता, वरून चिकटपट्टी. कलिंगडाच्या वाफ्यावर तण येऊ नये म्हणून अंथरतात तो मल्चिंग पेपर. मला नवल वाटलं नाही. तो मीच दिला होता. माझ्याही अंगावर तोच होता.

गेटबाहेर रसवंती होती. मंदा पळत गेली आणि बर्फाची अर्धी लादी उचलून आणली. रसवाला शिव्या देत मागून आला. काय झालंय ते कळल्यावर परत गेला आणि उरलेली अर्धीही घेऊन आला. बर्फ मानेला, काखेत, जांघेत. अंगावर पाणी. टोपीनं वारा. आठ बत्तीसला ॲम्ब्युलन्स आली.

आता हे कसं झालं ते सांगते.

मी शिरूरच्या होमगार्डच्या महिला पलटणीत एकवीस वर्षं काढली. निवडणूक, जत्रा, गणपतीचा बंदोबस्त. बोलावणं आलं की खाकी चढवायची आणि पॉइंटवर जाऊन उभं राहायचं. लोक आम्हाला अर्धे पोलीस म्हणायचे. माझी शाळा चौथीपर्यंत. तरी मी सेक्शन लीडर होते, कारण माझा आवाज मोठा आहे.

बंदोबस्तात माणूस बारीक होतो असं लोकांना वाटतं. उलट आहे. आठ तास एका जागी उभं राहायचं आणि दर अर्ध्या तासाला कुणीतरी चहा आणायचा. मंडळवाले, दुकानदार, समोरच्या घरातली म्हातारी. नाही म्हटलं तर त्यांना राग येतो. चहात साखर मुठीनं. वर वडापाव. आम्हा सगळ्यांची पोटं पट्ट्याच्या बाहेर आली होती.

त्या वर्षी आदेश आला. दौंडला फिटनेस टेस्ट, वजन आणि चार फेऱ्या, ठरलेल्या वेळेत. नापास झाली तिचं नाव पटावरून कमी.

शकिला तांबोळी घाबरली. ती विधवा, दिराच्या घरात राहणारी. मला म्हणाली, "आक्का, खाकी हाय तवर दीर आवाज चढवून बोलत न्हाई. खाकी गेली की मी परत पोतेऱ्यावानी."

आम्ही बाजारात कांद्याच्या काट्यावर उभ्या राहिलो. हमालानं शकिलाचं वजन शेवटच्या गाळ्यापर्यंत ऐकू जाईल असं ओरडून सांगितलं आणि वर विचारलं, "पोत्याचं वजन वजा करू का, भाभी?"

मग मी डोकं चालवलं. घाम म्हणजे चरबी वितळून बाहेर येते, असं मला पक्कं वाटायचं. माझ्या शेतात कागद होता. पंधरा दिवस आम्ही तो गुंडाळून पळालो. रोज काटा उतरायचा. आम्ही खूश. टेस्टच्या आदल्या संध्याकाळपासून पाणीसुद्धा बंद केलं, म्हणजे वजन अजून कमी भरेल.

दवाखान्याच्या व्हरांड्यात सुभेदार आले. केंदूरचे, फौजेतून रिटायर, फौजेत पीटी शिकवायचे. आमची परेड तेच घ्यायचे.

"कागद कुणाच्या डोक्यातून आला?"

"माझ्या, सर."

"तुमच्या अंगावर हाय?"

"हाय, सर."

"काढून या."

मी बाथरूममध्ये जाऊन काढला. आत नुसतं पाणी साचलं होतं. परत आले तेव्हा ते बाकावर बसले होते. ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं वाटलं असतं.

"बाई, घाम म्हंजी पाणी. तांब्याभर प्यायलं की काटा परत तिथंच. चरबीला हातसुद्धा लागला न्हाई तुमच्या. मरायला मात्र पोरगी निघाली."

डॉक्टर संध्याकाळपर्यंत धोका टळला असं म्हणाले नाहीत. मी न जेवता व्हरांड्यात बसून राहिले. साडेसहाला शकिलानं डोळे नीट उघडले. मला ओळखलं.

"आक्का, टाइम किती आला माझा?"

"गप पड," मी म्हटलं.

वरच्या साहेबांनी दोघींना चार महिन्यांनी पुन्हा टेस्ट द्यायची मुभा दिली. तीन आठवडे शकिलाला पळायला बंदी. डॉक्टरांनी हो म्हटल्यावर सुभेदारांनी शिरूरच्या मैदानावर आम्हाला उभं केलं. सकाळी सहा, पाण्याची बाटली सक्तीची.

मी म्हटलं, "सर, पोट कमी करायला पोटाचे व्यायाम सांगा."

ते म्हणाले, "विहिरीत ज्या बाजूनं बादली टाकली त्याच बाजूचं पाणी उतरतं का?"

"न्हाई, सर."

"अंगाचंही तसंच. चरबी सगळीकडून उतरती. पोटाची हट्टी असती, ती शेवटी जाती. तवर धीर धरायचा."

आठवड्यातले तीन दिवस नुसतं झपाझप चालणं, चालता चालता गप्पा मारता येतील एवढंच. त्यात आम्ही पटाईत होतो. दोन दिवस एक मिनिट जोरात पळायचं, दोन मिनिटं चालायचं, असं आठ वेळा. त्या दिवशी गप्पा बंद व्हायच्या. दोन दिवस वजन उचलून बैठका. आधी रिकामी घागर, मग भरलेली. मला वाटलं हे कशाला. ते म्हणाले, स्नायू वाढला की बसल्या जागीही अंग जास्त जाळतं, थोडं का होईना. उपाशी राहायचं नाही. उपाशी राहिलं की चरबीच्या जोडीला स्नायूही झिजतो. भाकरी एक कमी, मटकी आणि अंडी जास्त. झोप सात तास. आणि काटा रोज बघायचा नाही. आठवड्यातून एकदा कमरेला शिंप्याचा टेप.

चहा मात्र सुटेना. मधेच गणपतीचा बंदोबस्त आला. मंडळाची पोरं कप घेऊन पुढं. मंदानं तोडगा काढला. ती म्हणायची, "रोजा हाय माझा." शकिला म्हणायची, "एकादशी हाय." पोरं दोघींच्या नेमप्लेटकडं बघत राहायची.

एक आजोबा सोडेनात. "अगं पण तांबोळीबाई, एकादशी परवा झाली."

"ती धाकटी होती, आबा. आज थोरली," शकिला म्हणाली.

पाच आठवडे टेप हलला नाही. शकिलाचा चेहरा उतरला, दंड उतरले, गाल उतरले. पोट जिथल्या तिथं. ती मैदानात बसून म्हणाली, "चरबी समदीकडून चाललीय, हितनं तेवढी जात न्हाई. दिराची शपथ घेतलीय हिनं." सुभेदार म्हणाले, "उठा. हट्टाला हट्ट." ती उठली. सातव्या आठवड्यात अर्धा इंच. तिनं टेप दोनदा लावून बघितला. चौदाव्या आठवड्यापर्यंत साडेतीन इंच. माझे दोन. मी जास्त खाल्लं, हे लपवत नाही.

टेस्टच्या दिवशी आम्ही दोघी पाणी पिऊन, भाकरी खाऊन दौंडला उतरलो. मंदा गंमत बघायला आली. सुभेदार स्टॉपवॉच घेऊन रेषेवर. तिसऱ्या फेरीला, जिथं ती पडली होती तिथं, मी शकिलाच्या बाजूला आले.

"कशी हायेस?"

"बोलू नका, आक्का. जोरात पळायचा दिवस हाय आज."

ती पुढं निघून गेली. अकरा सेकंद राखून आत आली. मी तीन सेकंद राखून. काट्यावर दोघी पास. सुभेदारांनी वहीत दोन नावं लिहिली आणि परेड सुटताना द्यायचे तो हुकूम दिला, "लाईन तोडा."

सुभेदार मागच्या वर्षी वारले. झोपेत गेले. केंदूरला मयतीला आम्ही जुन्या सेक्शनच्या पाच जणी गेलो. खांदा द्यायला बायकांना कोण देतं, पण त्यांच्या मुलानं विचारलं आणि आम्ही दिला. पुढच्या बाजूला मंदा आणि मी, मागं बाकीच्या.

सेक्शनमध्ये आम्ही सहा जणी होतो. सुमन पवार काविळीनं गेली. बाकी पाच आहेत. शकिला सणसवाडीत खोली घेऊन एकटी राहते. जिवंत आहे.