चालत्या चित्राचे तपासनीस

भास्कररावांशी माझी पहिली ओळख वादानेच झाली, हे त्यांच्या षष्ट्यब्दीपूर्तीच्या गौरवग्रंथात लिहायला हरकत नसावी. पर्वत पाटिया भागातल्या आमच्या छोट्या कंपनीत मी नुकतीच लागले होते. व्हिडिओ गेममध्ये संगणकाने लहान, पुसट चित्र काढायचं आणि एआयने ते मोठं, ठसठशीत करायचं, म्हणजे जुन्या संगणकावरही गेम न अडखळता चालतो. हे आमचं काम. मी एकेक चित्र तपासून "झालं" म्हणाले. कोपऱ्यात बसलेले एक गृहस्थ चष्मा पुसत म्हणाले, "थांबलेलं काय दाखवता? चालवा."

मला मुळात दम निघत नाही. हे कोण सांगणारे, असं वाटून मी तणतणतच गेम चालवला. गेममधल्या गल्लीतून रिक्षा निघाली आणि वरच्या विजेच्या तारांवर मुंग्या चालाव्यात तसं काहीतरी सरसरू लागलं. दर चित्रात एआयने तारेचा अंदाज थोडा वेगळा बांधला होता. मी ओशाळले.

भास्करराव, म्हणजे आम्हा सगळ्यांचे भाऊ, उमेदीची वर्षं लिंबायतच्या कारखान्यात कापड तपासत होते. घडी घातलेला तागा नेहमी सुरेखच दिसतो. काचेखालच्या दिव्यावरून कापड ओढलं की तुटका धागा सापडतो. कारखाना बंद पडल्यावर आमच्या मालकांनी केवळ त्या नजरेसाठी त्यांना बोलावून घेतलं. संगणकाचं शिक्षण त्यांनी घेतलं नव्हतं, आणि त्याची लाजही बाळगली नाही.

एकदा भाऊ डिंडोलीला पुतणीच्या लग्नात होते. मी त्यांच्यासाठी न थांबता काम परस्पर ग्राहकांकडे पाठवून दिलं. गेममधल्या रिक्षेमागे तिचीच पुसट सावली ओढली जात होती. ग्राहक भडकले. दुसऱ्या दिवशी भाऊंनी ग्राहकांचा फोन स्वतः घेतला आणि शांतपणे म्हणाले, "तपासणी माझी, चूक माझी." मग माझ्याकडे वळून अहिराणीत एवढंच विचारलं, "इतली घाई काय शे तुले?" मला रडू आवरेना.

पुढच्या आठवड्यात त्यांच्या डोळ्याच्या पडद्याचं ऑपरेशन आहे. डॉक्टर नक्की काही सांगत नाहीत, आणि ते ठरल्यापासून माझं कशात लक्ष लागत नाही. गेल्या आठवड्यात भाऊंनी मला स्वतःच्या खुर्चीत बसवलं. रिक्षेच्या त्याच गेमचं नवीन काम मी तीनदा चालवून पाहिलं, मला दोष सापडला नाही. सवयीने मी त्यांच्याकडे बघितलं.

"मला आता तारच दिसत नाही, पोरी," भाऊ म्हणाले. "तू सांग."

माझ्या तोंडून "झालं" निघेना. रोज सकाळी मी ती रिक्षा पुन्हा चालवते, तारांकडे बघत बसते, उठते, परत बसते. ग्राहकांचे फोन येतात.

भाऊ, ऑपरेशन सुखरूप होवो. तुम्हाला निरोगी, उदंड आयुष्य लाभो, आणि डोळ्यावरची पट्टी निघाली की आधी ती तार बघा. काम अजून पाठवलेलं नाही. मी थांबले आहे.