नाथाजीआबा आणि भोपळ्याची पहिली चीर

आमच्या माण तालुक्यात पावसापेक्षा पुरुषांचा दुष्काळ मोठा. पाऊस निदान हूल तरी देऊन जातो. बाप्ये एकदा मुंबईला किंवा पलटणीत गेले, की थेट जत्रेला उगवतात. बाकी वर्षभर मोबाइलवर. गाव चालवतात बाया. बँक, बोअर, शेळ्या, सोसायटीची निवडणूक, सगळं त्यांच्याच हातात. फक्त एका कामाला त्यांना बाप्या लागतो : अख्खा भोपळा चिरायला.

भोपळा म्हणजे घरचा थोरला मुलगा, बाईनं त्याला पहिली सुरी लावायची नाही, असं आमच्याकडं मानतात. पहिली चीर बाप्यानं दिली, की पुढं विळीवर त्याच्या बारीक फोडी करायला बाई मोकळी. थोरल्या मुलाचं कौतुक तेवढ्यापुरतंच.

ही चीर देण्याचं काम नाथाजीआबांकडं होतं. आबा पलटणीतून हवालदार म्हणून निवृत्त होऊन घरी आले, तेव्हा त्यांच्या लक्षात आलं की घरात त्यांच्याजोगं एकही काम शिल्लक नाही. हरणाबाईंनी एकटीनं संसार असा बसवला होता, की त्यात नवऱ्याला शिरायला फट नव्हती. आबांनी शेळ्यांना रांगेत चालवून पाहिलं. शेळ्यांनी सुरुवातीला हवालदाराचा मान ठेवला, मग त्यांची टोपी खाल्ली. अशात शेजारची पूजा एक दिवस दारात येऊन म्हणाली, "आबा, आमचे ह्ये मुंबईला. भोपळ्याला जरा सुरी लावता का?"

त्या दिवसापासून आबांना हुद्दा मिळाला. सण आला की ते दगडावर सुरी घासत बसायचे. धुतलेला सदरा घालून घरोघरी जायचे, मांडी घालून बसायचे, भोपळा फिरवून बघायचे आणि देठापासून सरळ चीर द्यायचे. मग चहा, शेजारच्या घरच्या भोपळ्याची थोडी निंदा, आणि पुढचं घर. गौरीच्या जेवणाला तर भोपळ्याचे घारगे लागतातच. त्या सकाळी आबांना उसंत नसायची, आणि ते तोऱ्यात सांगायचेही, "आमी बसलो तर गौरी उपाशी ऱ्हातील."

यंदा मात्र गौरी यायच्या संध्याकाळी एक गोष्ट घडली, म्हणजे अक्षरशः गोष्टच.

पूजाची मुलगी साक्षी सांगलीला वसतिगृहात राहून अकरावी शिकते. तिच्या वयाच्या मुलींना हल्ली गोड परी चालत नाही. परीला नखं लागतात. साक्षी तसल्या काळ्या गोष्टी वाचते आणि लिहितेही. गणेश मंडळाच्या कार्यक्रमात तिनं माइक हातात घेतला आणि लेकीला भेटायला निघालेल्या म्हातारीची आपली सर्वांची जुनी गोष्ट काढली. वाघ, लांडगा, भोपळा, सगळं तेच. फक्त तिच्या गोष्टीत म्हातारी लेकीकडं जातानाच भोपळ्यात बसते, आणि भोपळा आतून मिटतो. रानातून एकेक गरका घेताना तो म्हातारीची एकेक आठवण खातो. आधी गाव जातं, मग नवरा, मग स्वतःचं नाव. लेकीच्या उंबऱ्याशी पोचेपर्यंत म्हातारीकडं एकच शब्द उरलेला असतो, लेकीचं नाव.

 मांडवात शेंगा फोडणारे हातसुद्धा थांबले.

"लेकीच्या गावातले सगळे पुरुष राजानं लढाईवर नेले होते," साक्षी वाचत होती. "भोपळ्यातून हाक येत होती आणि चिरायला गावात पुरुष नव्हता. तेव्हा एक बाई म्हणाली, अगं, नेहमीसारखा उचल आणि पायरीवर पाड. आपोआप फुटला तर पाप नाही. लेक म्हणाली, पाडू कसा? आत माझी आई आहे."

'नेहमीसारखा' म्हटल्याबरोबर मागून एक बाई फिस्सकन हसली. मग दुसरी. मग पदरांआडून सगळा मांडव हसू लागला, आणि त्या हशात गोष्टीचा शेवट कुणालाच ऐकू आला नाही. पहिल्या रांगेत बसलेले नाथाजीआबा तेवढे हसले नाहीत.

घराकडं जाताना ते बायकोला म्हणाले, "पाडायचा म्हंजे गं?"

"आवं, पोरीची गोष्ट हाय ती."

"मी पलटणीत हुतो, तवा आपल्या घरात भोपळा कोण कापत हुतं?"

"कुणीच न्हाई. हातातनं निसटायचा."

"दरसाल?"

"लय गुळगुळीत असतोय भोपळा," हरणाबाई म्हणाल्या.

आबा थोडं चालले. "मग ह्या बाया मला कशाला बोलावत्यात?"

हरणाबाई झपाझप पुढं निघाल्या.  आबांनी घरी येऊन सुरी फळीवर उंच ठेवून दिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आळीत विचित्र शांतता. चुली पेटल्या, गूळ किसून झाला, आणि घरोघरी भोपळे तसेच बसून. पाडता आले असते. पिढ्यान्‌पिढ्या पाडलेच होते. पण पाडलेल्या भोपळ्याचा आवाज होतो, आणि तो आज आबांच्या घरापर्यंत गेला असता. जी ती बाई दुसरीच्या पायरीकडं कान लावून बसलेली.

पूजा लेकीवर डाफरली, "तुझ्या म्हातारीपायी म्हातारा घरात बसला. जा, घिऊन ये त्यास्नी."

साक्षी गेली. आबा खाटेवर पाठमोरे पडले होते.

"आबा, मी तुमच्यावर नव्हतं लिहिलं."

"ठावं हाय. माझ्यावर लिवण्यासारखं हाय काय?" मग भिंतीकडं बघतच, "म्हातारीचं काय झालं पुढं?"

"लेकीनं सुरी घातली. भोपळा उघडला. आत नुसत्या बिया होत्या."

आबा उठून बसले. "बिया? आनि आई?"

"नव्हती. भोपळ्यानं खाल्ली सगळी."

"कापायच्या आधी लेकीनं इचारलं का, आई, कुठल्या अंगाला बसलीयास म्हणून?"

 साक्षीनं रान काळं केलं होतं, वाघाच्या डोळ्यांत राख घातली होती; हे मात्र सुचलं नव्हतं. "नाही विचारलं."

"मग चुकलं की! बंद घरात शिरायच्या आधी हाक द्यायची असती. पलटणीत पैलं त्येच शिकवत्यात. आत आपला मानूस असला तर?" आबा संतापून फळीकडं हात करत म्हणाले, "ती सुरी काढ. चल."

पूजाच्या घरी ते मांडी घालून बसले. सुरी बाजूला ठेवली. बोटाच्या पेरानं भोपळ्यावर टकटक केलं आणि म्हणाले, "आत कोण हाय का?"

बाया हसल्या. आबांनी हात वर केला. मग भोपळ्याला कान लावून ते इतका वेळ बसले, की हसणाऱ्याही कान देऊन ऐकू लागल्या. 

"कोण न्हाई," आबा म्हणाले, आणि त्यांनी देठापासून सरळ चीर दिली. आत बिया होत्या. भोपळ्यात असतात तेवढ्याच.

त्या सकाळी ते सगळ्या घरी गेले, आणि आता कुठलीच बाई त्यांना सोडेना. चीर काय, पायरीवरही मिळते. हाक कोण देणार?  दमल्यावर काही घरी त्यांनी नुसती हाक दिली, ऐकलं आणि सुरी समोरच्या बाईच्या हातात ठेवली. "मी इचारलंय. काप आता." आजवर कुठल्या घरचा थोरला मुलगा त्यावर रुसल्याचं ऐकिवात नाही.

दुपारी ते दमून घरी आले, तर हरणाबाई पायरीवर बसलेल्या. मांडीत भोपळा, दोन्ही हातांनी घट्ट धरलेला.

"अजून निसटला न्हाई वाटतं?" आबा म्हणाले.

"आवं, बोलत काय बसलाय," हरणाबाई म्हणाल्या, "इचारा की."