कुडपणचा बॅटरी रेडिओ

“बॅटरी चांगली ताकदीची जोडली, मिस्त्री, तरी बोलत नाय,” असं म्हणत सुंदराबाईने गोधडीत गुंडाळलेला रेडिओ माझ्या दुरुस्तीच्या टेबलावर ठेवला.

ती डोंगरावरच्या कुडपण गावची. नवरा गणपत मुंबईला गिरणीत. मागे रजेवर आला तेव्हा आईसाठी हा रेडिओ ठेवून गेला. आईला दिसत नव्हतं. त्यानंतर दोन शिमगे गेले, गणपत काही आला नाही. आता मुंबईहून आलेल्या गाववाल्याने निरोप दिला होता, की उद्या संध्याकाळी कामगारांचं भजन रेडिओवर आहे आणि गणपत त्यात गाणार आहे.

मी पाठचं झाकण काढलं. बॅटरीला जोडायचा प्लग कापलेला, तारा उघड्या.

“हे कुणी केलं?”

“दिरानं. जुनी बॅटरी संपली, म्हणून पोलादपुरातनं लॉरीची आणली. प्लग बसंना, मग कापला.”

वीज नसलेल्या गावांसाठी तेव्हा असे रेडिओ येत. आत दिव्यासारखे काचेचे व्हॉल्व्ह. त्यांची बारीक तार तापवायला दीड व्होल्ट लागत आणि रेडिओ चालायला नव्वद. म्हणून दोन्ही एकाच खोक्यात असलेली खास बॅटरी मिळे. लॉरीची बॅटरी सहा व्होल्टची. नव्वदच्या जागी ती काहीच नाही, आणि दीडच्या जागी चौपट. चारही व्हॉल्व्ह जळाले होते.

“मुंबईहून मागवावे लागतील,” मी म्हणालो. “उद्या इथे दुकानात ऐका. माझा रेडिओ आहे.”

“मी ऐकीन वो. पण आत्याबाई घाट कशा उतरतील?”

मी कपाट उपसलं. तीन व्हॉल्व्ह मिळाले. चौथा, स्पीकर वाजवणारा, मिळाला तो दुसऱ्या जातीचा. त्याच्या पिनांची मांडणी वेगळी. त्याच्या तारेचे दोन भाग होते. एकापुढे एक जोडले तर तीन व्होल्ट मागणार, शेजारी शेजारी जोडले तर दीडवर भागणार. मी सॉकेटच्या जोडण्या काढून नव्याने केल्या. तो चालला. आवाज जरा बारीक, पण स्वच्छ.

खास बॅटरी दुकानात होती. प्लग बसवला. डोंगरात एरियल नीट बांधलं नाही तर मुंबई लागत नाही, म्हणून सकाळी मीही निघालो. पायथ्याच्या कापडे गावापर्यंत गाडी मिळाली. पुढे चढण. बॅटरीचं खोकं माझ्या खांद्यावर, रेडिओ तिच्या डोक्यावर. वाटेत कुणी भेटलं की ती थांबून सांगे, “आज हे गानार हायत.”

आंब्याच्या झाडापासून घरापर्यंत एरियलची तार ओढली. संध्याकाळी ओटी माणसांनी भरून गेली. म्हातारी रेडिओला गुडघा लावून बसली. निवेदकाने गिरणी कामगारांचं भजनी मंडळ एवढंच सांगितलं, नावं नाहीत. मग टाळ वाजले.

सुंदराबाई खांबाला टेकून ऐकत होती. पुढे पुढे झुकत गेली. अभंग संपत आला तेव्हा मला हळूच म्हणाली, “सगळे एकदमच गातात. त्यांचा आवाज निराळा नाय गावत.”

मला तरी कसा कळणार? मी त्याला कधी ऐकलंच नव्हतं.

म्हातारीला मात्र शंका नव्हती. तिने रेडिओवर हात ठेवला आणि मोठ्याने विचारलं, “कवा येतोस रे, गणू?”

ओटीवर कुणी हसलं नाही. मुंबईहून पुढचा अभंग सुरू झाला.

“आत्याबाई, ह्यात नुसतं ऐकायचं असतं,” सुंदराबाई म्हणाली. “आपलं तिकडं जात नाय.”

“तू तरी हाक मारून बघ गो.”

सुंदराबाई पुन्हा खांबाला टेकली. भजन संपलं, बातम्या लागल्या. शेजाऱ्यांना त्या ऐकायच्या होत्या, पण तिने उठून बटण फिरवलं.

“बॅटरी पुरवून वापरायला हवी,” ती म्हणाली. “परत गातील तेव्हा लागंल.”

रेडिओ विनाकारण चालू ठेवू नका, हे मी प्रत्येक गिऱ्हाइकाला बजावून सांगत असे. कुडपणला ते सांगावं लागलं नाही.