कॅशेचा वेग आणि बुडाचं प्लास्टिक

बायकोच्या पतसंस्थेत बढतीसाठी संगणकाची परीक्षा होती, म्हणून आम्ही नगरच्या एका दुकानातून त्यांच्याकडचा सगळ्यात स्वस्त लॅपटॉप आणला. परीक्षेला आठ दिवस होते आणि लॅपटॉप बदलून मिळायची मुदत सात दिवस. म्हणून आधी तपासणी, मग सराव, असा क्रम मी लावला. कांदा घेतानासुद्धा माणूस गोणीत हात घालून बघतो.

तपासायची होती मेमरी आणि कॅशे. कॅशे म्हणजे ओट्यावरचा मिसळणाचा डबा, मेमरी म्हणजे मागची कोठी. डब्यातलं लगेच हाती येतं, कोठीपर्यंत चालत जावं लागतं. दोन्हींचा वेग मोजणारं फुकटचं सॉफ्टवेअर मी घेतलं आणि वहीत रकाने आखले. पहिल्या मिनिटाला कॅशेचा आकडा उत्तम, दहाव्या मिनिटाला निम्मा. रोज चार वेळा, सहा दिवस, हेच.

"मला तासभर तरी द्या," बायको म्हणायची.

"दुसरं काही चालू केलं की आकडे बिघडतात."

"बरं. मग मी पोळपाटावर टायपिंग करते."

सातव्या दिवशी आम्ही दोघं दुकानात गेलो. माल सदोष आहे हे मी चोवीस नोंदींनिशी सांगितलं. दुकानदाराने वही उघडलीच नाही. लॅपटॉप उलटा केला.

"काका, हे काय हाय?"

ते प्लास्टिक होतं. ओरखडे पडू नयेत म्हणून पहिल्याच दिवशी मी बुडाला चिकटवलेलं, हवेच्या जाळीसकट. आमच्या टीव्हीचा रिमोटही नऊ वर्षं पिशवीतच आहे.

"पंख्याचं नाक दाबलंय तुमी. तापलं की हे आपोआप हळू चालतं. लई गुणी मशीन, जळालं न्हाई."

त्याने प्लास्टिक ओढून काढलं आणि माझीच चाचणी दहा मिनिटं चालवली. आकडा जागचा हलला नाही.

"चोवीस वेळा मोजलं," बायको त्याला म्हणाली, "एकदा उलटं करून नाही बघितलं."

दुसऱ्या दिवशी ती टायपिंगमध्ये मिनिटाला तीन शब्दांनी कमी पडली. पुढची परीक्षा वर्षाने.

घरी आल्यावर तिने आधी रिमोटची पिशवी फाडली, मग फ्रिजच्या दारावरचं प्लास्टिक सोललं. माझ्या वहीत चोवीस नोंदींखाली तिने लिहिलं, 'सराव, सकाळी सहा ते सात', आणि लॅपटॉप स्वतःच्या कपाटात ठेवला.

किल्ली तिच्याकडे असते.