टाकीखाली पुरलेला दगड

सोनगीरच्या अलीकडे एका टेकडीवर पाण्याची टाकी बांधायची होती. तेव्हा इंग्रजांचं राज्य होतं आणि मी ओव्हरसियर होतो. ती टेकडी आपल्याच देवाची, असं दोन गावं म्हणत. जुनं काही निघालं तर काम थांबवून साहेबाला कळवायचं, या अटीवर खणायला परवानगी होती. त्यासाठी दोन्ही गावांचा एकेक म्हातारा खड्ड्याच्या काठावर बसून मातीची प्रत्येक पाटी बघे. आठवड्यापूर्वीच बाजारात याच भांडणातून दोन्ही गावांच्या माणसांची डोकी फुटली होती.

एका दुपारी म्हातारे भाकरी खायला झाडाखाली गेले आणि कुदळ अडली.

"भाऊ, हाई दखा, कोरेल दगड शे," मजूर बाई म्हणाली. दगडावर अक्षरांची ओळ होती. मला ती वाचता येईना. दोन्हीकडच्या लाठ्या मात्र डोळ्यांपुढे आल्या.

"पालथा घाल. वर माती लोट."

"देव व्हई ते?"

"मला बघून घेईल तो. लोट लवकर!"

म्हातारे परतले. "काय निघनं, भाऊ?"

"मुरूम."

"घामाघूम व्हयनात, साहेब. पानी प्या," म्हणत दुसऱ्याने तांब्या पुढे केला. मी तांब्या रिकामा करून परत दिला. दोघांनीही माझ्या शब्दावर विश्वास ठेवला.

अहवालात मी लिहिलं, 'प्राचीन अवशेष आढळले नाहीत.' ते खोटं आहे. टाकीच्या पूर्वेकडच्या भिंतीखाली, हातभर खोल, तो दगड आहे. तो कुणाचा हे मला आजही ठाऊक नाही, आणि हे लिहितानाही भीती वाटते.