गुरुजींचा फळा आणि आमच्या घरचं भेकर

शोकसभेत मला दोन शब्द बोलायला उभं केलं आणि मी पहिल्याच वाक्याला आपटलो. पोलादपूरच्या शाळेत माणूस मावत नव्हता, समोर माझ्या सासऱ्यांचा हार घातलेला फोटो. मी घसा खाकरून म्हणालो, "गुरुजींनी आयुष्यात कधी कुणाला दुखावलं नाही…" मागून कुणीतरी खुदकन हसलं. मग कापडे गावचा एक म्हातारा उठलाच. "जावईबापू, माझं नाव तीनदा लिवलंय त्यांनी फळ्यावर. दुखलं नाय असं कसं म्हणता?" सगळी सभा हसली. गंभीर राहिले ते फक्त फोटोतले गुरुजी.

त्यांना जाऊन आता महिना होईल. म्हाताऱ्याचं खरंच होतं. गुरुजींनी निम्म्या तालुक्याला दुखावलं होतं, आणि तेही खडूने. जंगली जनावरांचा नवा कायदा आला तेव्हा इकडे कुणाला काही उमगेना. डुकरं भात उकरतात म्हणून बंदूकवाल्याला डुक्कर मारायचा परवाना मिळे, पण भेकर म्हणजे हरणाची जात, त्याला हात लावायचा नाही. परवान्याचे कागद कचेरीत आणि गप्पा चहाच्या टपरीवर, दोघांची गाठ कधी पडत नसे. गुरुजींनी शाळेतला बाद झालेला फळा एस.टी. स्टँडच्या भिंतीला टेकवला. कुणाला कशाचा परवाना मिळाला ते वनखात्याच्या कचेरीत विचारायचं, मग पायी त्या शेतावर जाऊन प्रत्यक्षात काय मारलं ते बघायचं, आणि बाजाराच्या दिवशी दोन्ही शेजारी शेजारी लिहायचं. स्वतःचं मत नाही, उपदेश नाही. "साहेबाला सांगा की, फळ्यावर कशाला?" असं कुणी म्हटलं तर म्हणायचे, "परवाना साहेबाचा, रान सगळ्यांचं. सगळ्यांना कळू दे."

अशा माणसाच्या मुलीशी, सुमनशी, माझं लग्न ठरलं. सुपारी फुटली, पत्रिका छापायला गेल्या… आणि आमच्या बाबांनी भेकर मारलं.

बाबांकडे ठासणीची बंदूक होती, डुकराचा रीतसर परवाना होता. तिन्हीसांजेला भातात काहीतरी हललं, बाबांनी बार टाकला, आणि जवळ जाऊन बघतात तो भेकर. बाबा तिथेच बांधावर डोकं धरून बसले. महाडच्या औद्योगिक वसाहतीत पाळीला जाणाऱ्या पोरांनी ती बातमी एस.टी.तून नेली आणि परत आणली तेव्हा एका भेकराची पाच झाली होती, शिवाय मटण हॉटेलात विकलं होतं!

गुरुजी घरी आले. मला वाटलं लग्नाचं बोलायला आले, म्हणून मी नवा शर्ट घालून बाहेर आलो. त्यांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. "शेत दाखवा," म्हणाले. शेत बघितलं, शेजाऱ्यापाजाऱ्यांना विचारलं, मग पडवीत येऊन बसले. बाबा हळूच म्हणाले, "गुरुजी, आता तुम्ही घरचेच. जरा सांभाळून घ्या." गुरुजींनी कप खाली ठेवला. "चहा फार छान होता," म्हणाले आणि गेले.

बाजाराच्या दिवशी बाबांचं नाव फळ्यावर. परवाना : एक रानडुक्कर. मारले : एक भेकर. अंधुक उजेडात चूक झाल्याचे सांगतात. मटण विकलेले नाही. आणि त्याखाली एक ओळ : वरील गृहस्थ माझे होणारे व्याही आहेत.

कुणीतरी सांगत आलं तसे बाबा तडक पोलादपूरला निघाले. "सोयरीक मोडली समज," एवढंच वाटभर म्हणत होते. मी मागून, नव्या शर्टाचं आता काय करायचं या विचारात. फळ्यासमोर ही गर्दी. बाबांनी सगळं वाचलं, पुन्हा एकदा वाचलं. भाजीवाली शेजारणीला म्हणाली, "बघ गो, व्याह्यालाबी सोडला नाय मास्तरानं!"

बाबा वळले. मी डोळे मिटून घेतले.

"नाय सोडला तेच बरं झालं," बाबा म्हणाले. "तुम्ही लोकं पाच म्हणत होता. त्यानं मला झाकला असता तर पाच जन्मभर माझ्या डोक्यावर बसली असती. मास्तर एक म्हणतो म्हणजे एकच." आणि तसेच वनखात्याच्या कचेरीत जाऊन त्यांनी स्वतः सांगितलं, दंड भरला, बंदूक जमा केली. लग्नाच्या आधी तेही फळ्यावर आलं.

पुढे बंदूकवाले बार टाकण्याआधी नीट बघायला लागले. कायद्याचा धाक किती होता कोण जाणे, फळ्याचा होता. आज आमच्या घरामागच्या रानात भेकर ओरडतं तेव्हा मला गुरुजींचे उपकार आठवतात. बाबांचं नाव त्यांनी राखलं, ते चारचौघांत लिहून.

शोकसभेनंतर एस.टी.त मी सुमनला विचारलं, "लग्न मोडायची वेळ आली होती गं. तुझा जरासुद्धा विचार नाही आला त्यांच्या मनात?"

ती खिडकीबाहेर बघत होती. म्हणाली, "आला ना. रात्रभर झोपले नाहीत. सकाळी मलाच विचारलं, 'लिहू का गो?' मी म्हटलं, लिहा. खरं लिहिलेलं ज्या घराला सोसत नाही, त्या घरी मी जाऊ कशाला?" मग माझ्याकडे वळून डोळे पुसत हसली. "परीक्षा तुमच्या घराची होती. पास बाबा झाले. तुम्ही त्यांच्या मार्कांवर वर चढलात."