धाकटीच्या हातचा चहा

पडदा वर जातो तेव्हा अंगणभर पंखे वाळत पडलेले दिसतात. ताडाची रुंद पानं उन्हात पांढुरकी पडलेली, ओळीनं मांडलेली, अगदी नदीच्या काठापर्यंत. डावीकडे छपराखाली सात-आठ बायका खाली मान घालून पानांच्या कडा शिवताहेत. एकोणीसशे ऐंशी सालचा वसंत, दक्षिण चीनमधलं आमचं सनवुई गाव. आणि त्या बायकांत सगळ्यात शेवटी, दातांनी दोरा तोडत बसलेली ती शुनवहिनी.

तिचं खरं नाव थाम लाइ-हा. पण ते फक्त सरकारी कागदावर. तीस वर्षांपूर्वी तिचा नवरा, अउ गाम-शुन, ‘तीन महिन्यांत येतो’ म्हणून हाँगकाँगला गेला आणि मागं सरहद्द बंद झाली. माणूस तिकडे राहिला, त्याचं नाव तेवढं हिच्या अंगाला चिकटून राहिलं. चौथ्या वर्षी कुणीतरी बातमी आणली, की शुननं तिथे दुसरं घर केलं. त्या दिवशी वहिनी रोजच्यापेक्षा अठरा पंखे जास्त शिवून मगच उठली.

मूलबाळ नव्हतं. माहेरी जा, दुसरं लग्न कर, असं सांगणारे पुष्कळ होते. ती गेली नाही. सासूचं अंग लुळं पडलं, तिला अकरा वर्षं भरवलं, न्हाऊ-माखू घातलं. म्हातारी गेली तेव्हा मुलाच्या जागी हीच भर पावसात तागाचे पांढरे कपडे घालून प्रेतापुढे चालली. तो पाऊस आणि ती चालणारी बाई, दोन्ही गावानं पाहिलेलं आहे.

आणि आता, दीड वर्ष खेटे घातल्यावर, तिच्या हाती हाँगकाँगला जायचा परवाना आला होता. तीन महिन्यांत केव्हाही जा, नवऱ्याला भेट, परत ये.

छपराखाली दुसरा विषयच राहिला नाही.

“अगं, तिथे जिने आपोआप चालतात,” बिकआत्या म्हणाली. ही छपराखालची सगळ्यात म्हातारी आणि सगळ्यात तिखट. “पाय ठेवलास की वर. चुकलीस तर थेट स्वर्गात.”

“मग बरंच. परतीचं तिकीट वाचलं,” वहिनी म्हणाली.

“आणि हे केस? आधी कुरळे करून घे. तिथल्या बायका सगळ्या मेंढ्यांसारख्या दिसतात म्हणे.”

“मेंढी होऊन गेले तर ते मला ओळखतील कसे?”

बायका हसल्या. वहिनीही हसली. सामानात काय न्यायचं हे तिचं रोज बदलत होतं. वाळवलेलं बदक ठरलं, आमच्या गावची प्रसिद्ध, वर्षानुवर्षं मुरवलेली संत्र्याची साल ठरली. डझनभर पंखे बांधले तेव्हा बिकआत्यानं कपाळावर हात मारला. “त्या शहरात विजेचे पंखे आहेत गं बाई! नदीकाठी पाणी विकायला निघालीस!”

संध्याकाळी ती यिप मास्तरांकडे जायची. मास्तर पूर्वी नाटक मंडळीत होते. मंडळी मोडली तसे पोस्टाबाहेरच्या वडाखाली टेबल टाकून लोकांची पत्रं लिहू लागले. जपानी लढाईच्या आधी मंडळीबरोबर त्यांनी हाँगकाँगमध्ये दोन महिने काढले होते, तेवढ्या भांडवलावर ते तिला शहर शिकवत. खडूनं फरशीवर बंदर काढायचे. “इथे गाडी थांबणार. इथून बोट. वरच्या मजल्यावर बसा वहिनी, खालच्या मजल्यावर धूर.” ती खडूच्या समुद्राकडे टक लावून बघायची आणि विचारायची, “ह्यांचं घर कुठल्या बाजूला?”

सगळं असं छान चाललं होतं. आणि एक दिवस बिकआत्यानं सुई थांबवून विचारलं, “आणि चहाचं काय ठरलं?”

सगळ्यांच्या माना वर झाल्या. कारण हा प्रश्न सगळ्यांच्याच मनात होता. आमच्याकडे धाकटी बायको घरात आली की तिनं थोरलीपुढे गुडघे टेकायचे, दोन्ही हातांनी चहाचा पेला पुढे करायचा, ‘ताई, घ्या’ म्हणायचं. थोरली प्यायली की धाकटी घरची झाली. नाही दिला तर थोरली कोण? कुणीच नाही. आपल्याच नवऱ्याच्या दारात आलेली पाहुणी.

“ती देईलच की,” वहिनी म्हणाली.

“देईलच? लिहून घेतलंयस? दार उघडून ‘या मावशी, बसा’ म्हणाली तर? म्हातारीचं गू-मूत कुणी काढलं, तिनं की तू?”

त्या संध्याकाळी वहिनीनं फरशीवरच्या बंदराकडे पाहिलंसुद्धा नाही. “लिहा मास्तर. मी येते. पण आधी कबूल करा. दारातच, भाऊबंदांसमक्ष, तिनं चहा द्यायचा. गुडघे टेकून.”

मास्तरांनी लेखणी खाली ठेवली. “वहिनी, गुडघे टेकणं आता इथेसुद्धा कुणी करत नाही. सरकारनंच मोडून काढलं.”

“सरकारनं माझ्या सासूला भरवलं होतं का?”

मास्तरांनी लिहिलं.

दोन आठवड्यांनी उत्तर आलं. शुनचं अक्षर वाकडंतिकडं झालं होतं. या गोष्टी इथे कुणी पाळत नाही. सियु-मान, म्हणजे धाकटी, दिवसभर शिवणाच्या कारखान्यात असते, तिला त्रास नको. तू ये. लवकर ये.

“लवकर हा शब्द दोनदा लिहिलाय,” मास्तर म्हणाले.

“तीस वर्षांनी घाई सुटली वाटतं!” वहिनीनं हसत पत्र मास्तरांपुढे सरकवलं. “तिचा त्रास दिसतो त्यांना. पुन्हा लिहा. चहा कबूल केल्याशिवाय मी गाडीत पाय ठेवणार नाही.”

“वहिनी, आधी जा. समोर उभ्या राहा. चहाचं तिथे बघता येईल.”

“समोर उभी राहिले की माझा धीर सुटेल, मास्तर. मग मी कशालाही हो म्हणेन. म्हणून आत्ताच लिहा.”

दुसरं पत्र गेलं. बांधलेलं सामान दाराशी राहिलं. बदकाला वास येऊ लागला तेव्हा बिकआत्यानं ते शिजवून सगळ्यांना वाढलं, आणि त्या दिवशी तिला एकही चिमटा काढायला सुचला नाही. ती एवढंच म्हणाली, “चुकलंच माझं. मी बोलायला नको होतं.”

“तुम्ही नसतं विचारलंत तर मीच विचारलं असतं, आत्या.”

मग एक दिवस पत्र आलं. अक्षर अनोळखी होतं, बायकी, गोल. मास्तरांनी आधी मनात वाचलं, चष्मा काढला, पुसला. रंगमंचावर हजार मरणं गाऊन दाखवलेला माणूस, पण हे पत्र त्यांनी एका सुरात, मान वर न करता वाचून दाखवलं.

पत्र सियु-मानचं होतं. शुन बारा दिवसांपूर्वी गेला होता. फुप्फुसाचा रोग, नव्या वर्षाच्या सुमारासच डॉक्टरांनी सांगितलं होतं, पण थोरलीला कळवायचं नाही म्हणून त्यानं सगळ्यांना शपथ घातली होती. ‘तुमची दोन्ही पत्रं मला त्यांच्या उशीखाली सापडली, ते गेल्यावर,’ तिनं लिहिलं होतं. ‘मला ते काही बोलले नाहीत. त्यांना माझी लाज वाटत होती की तुमची, मला सांगता येत नाही. ताई, मी सव्वीस वर्षं तो पेला हातात धरायची वाट बघत होते. त्याशिवाय मी तरी कोण होते? मला कळलं असतं तर मी स्टेशनावरच गुडघे टेकले असते.’

वडाखाली तिसरं कुणी नव्हतं. वहिनीनं पत्र घेतलं. तिला वाचता येत नव्हतं, तरी अक्षरांवरून शेवटपर्यंत बोट फिरवलं.

“परवान्याचे अजून अडतीस दिवस आहेत,” मास्तर हळूच म्हणाले. “जाऊन या. उदबत्ती लावून या. मी येतो सरहद्दीपर्यंत.”

तिनं नकारार्थी मान हलवली. ती गेली नाही, त्या महिन्यात नाही आणि पुढे कधीच नाही. बिकआत्यानं, मास्तरांनी समजावलं, खुद्द सियु-माननं आणखी दोन पत्रं लिहून बोलावलं, पण त्या शहराचं नाव पुन्हा तिच्या तोंडून कुणी ऐकलं नाही. नवऱ्याबद्दल ती अखेरचं बोलली ती त्याच संध्याकाळी, वडाखाली, पत्राची घडी घालताना. रडत नव्हती. खरंच काही समजत नसल्यासारखा तिचा चेहरा झाला होता.

“त्यांनी मला तीस वर्षं थांबवलं, मास्तर. मी त्यांना चाळीस दिवस थांबवलं फक्त. एवढ्यातच दमले?”